तळघर छापायला घेतलं तेव्हा

दिवाळीत भाचा पुण्याहून आला तो बॅगेत २० बाजूंचा फासा घेऊन आला, आणि त्या एका फाशापायी माझे पुढचे चार महिने कागद, गोंद, पुठ्ठा आणि कटर ह्यांच्यात गेले. कुणी आधी सांगितलं असतं तर निदान हजारेक रुपये आणि डाव्या अंगठ्याचं टोक वाचलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, डंजन म्हणजे अंधारं तळघर. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी काढलेला. एक जण गोष्ट सांगणार, त्याला डीएम म्हणतात, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, कोणी चोर, कोणी जादूगार, आणि काही अवघड करायचं असलं की फासा टाकायचा. तसा पट लागतोच असं नाही, तोंडी पण चालतं. पण मारामारी सुरू झाली की खरी भांडणं लागतात, मी खांबामागे होतो, नव्हतास, होतो, मग बाण कसा लागला, वगैरे. म्हणून नकाशा. आणि त्या नकाशाचा हिशेब ठरलेला आहे, एक घर म्हणजे गोष्टीतले ५ फूट आणि टेबलावरचा १ इंच. साधं माणूस एका पाळीत ३० फूट चालतं, म्हणजे ६ घरं. हा ६ चा आकडा पुढे कामाला येणार आहे.

भाचा म्हणाला, मावशी तूच डीएम हो, तुला गोष्टी रंगवून सांगता येतात. खरं कारण एवढंच की त्याला स्वतःला चोर व्हायचं होतं. बहीण इथेच ग्वाल्हेरात, मुरारला राहते म्हणून भाची पण आली, शेजारच्या काकांची अकरा वर्षांची नात आली, आणि माझी जाऊ जी नुसता चहा द्यायला आली होती ती बसली ती उठलीच नाही. जाऊबाई आता आमच्यातल्या सगळ्यात खुनशी खेळाडू आहेत पण ते जाऊ दे.

पहिल्या दिवशी आम्ही अंगणातल्या फरशीवर खडूने आखलं. सासूबाईंनी बघितलं आणि आतून त्यांचा ठिपक्यांचा कागद आणून दिला, तोच रांगोळीचा, उदबत्तीने भोकं पाडलेला, म्हणाल्या पट्टीने काय आखत बसलीस, ह्याच्यावर रांगोळी पसर न कागद उचल. झटक्यात ठिपके पडले. फक्त ते इंचापेक्षा जवळजवळ होते, आमच्या बुद्धिबळाच्या सोंगट्या एकमेकींना खेटून उभ्या राहायला लागल्या. तरी दोन रात्री खेळलो. तिसऱ्या दिवशी सकाळी कामवाल्या बाईंनी अंगण धुतलं आणि अर्धं तळघर, त्यातला सापळा, खजिना, सगळं मोरीत. त्यांची काय चूक, अंगण धुणं हे त्यांचं कामच.

मग इंटरनेटवर शोधलं. छापून घ्यायच्या टाइल्स असतात, म्हणजे तळघराचे तुकडे, एकात बोळ, एकात खोली, एकात जिना, घरी छापायचे, कापायचे, आणि पाहिजे तसे जोडून टेबलावर तळघर मांडायचं. पुष्कळ फुकट पण मिळतात. ह्याची खरी मजा मला नंतर कळली, अख्खा नकाशा एकदम पसरला तर पोरांना आधीच दिसतं की खजिन्याची खोली कुठे आहे, पण तुकडे असले की दार उघडलं तेवढाच पुढचा तुकडा ठेवायचा. अंधारात कंदील धरल्यासारखं. हे एक कळल्यावर मी दुसऱ्या कुठल्या नकाशाकडे वळले नाही.

तर एक फुकट सेट उतरवला, सुंदर होता, काळ्याभोर पार्श्वभूमीवर ओल्या दगडाच्या फरश्या, मशालीचा पिवळा उजेड. घरच्या प्रिंटरवर सहा पानं काढली. सहाव्या पानापर्यंत काळ्या शाईची टाकी डोळ्यांदेखत खाली गेली आणि कागद शाई पिऊन पापडासारखे वर आले. काळी पार्श्वभूमी म्हणजे जिथे कोणी पाऊल ठेवणार नाही ती जागा, आणि सगळी शाई तिलाच. हे बघून मी म्हटलं उरलेली पानं बाहेरून काढू.

महाराज बाडा म्हणून इथला मोठा चौक आहे, त्याच्या मागे एक दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळेची आयकार्डं, सगळं करतात. तिथल्या मुलाने पेनड्राइव्ह लावला, एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, म्हणाला, "दीदी, ये किस क्लास का प्रोजेक्ट है?" मी म्हटलं घरचं आहे. उरलेली आठ पानं काढून दिली त्याने, मी खुशीत घरी. कापायला बसले. आणि जोडायला गेले तर घरच्या टाइलचा बोळ आणि दुकानातल्या टाइलचा बोळ जुळेचना. पहिलं घर जुळतं, दुसरं जरा सरकलेलं, सहाव्या घरापर्यंत जवळजवळ एक सेंटिमीटरचा फरक. मला वाटलं माझं कापणं वाकडं झालं. पुन्हा मोजलं. घरचं घर २५.४ मिलिमीटर, जे एका इंचाला हवं तेवढं, आणि दुकानातलं २४ च्या पण आतच.

कारण असं निघालं की तो सेट अमेरिकन लेटर साइजच्या पानावर बनवलेला होता. ते पान २१५.९ मिलिमीटर रुंद, आपलं ए४ २१०. म्हणजे आपल्या कागदावर ते मावत नाही, न मावलं की छपाईच्या खिडकीत "फिट" नावाचा पर्याय गुपचूप पुढे येतो, वर प्रिंटर चारी बाजूंनी थोडा कोरा काठ सोडतो तो वेगळाच, सगळं मिळून पान ९४ टक्क्यांच्या आसपास आलं. घरी मी नकळत "ॲक्चुअल साइज" ठेवलं होतं, तिथे थोडी किनार कापली गेली पण माप बरोबर राहिलं. दुकानातल्या मुलाचं काही चुकलं नाही, त्याला तर पान नीट मावलेलंच बरं वाटणार. पत्रिका ९४ टक्के झाली तर नवरा-नवरीचं काय बिघडतं. आमच्या टाइलचं मात्र सगळंच बिघडतं.

तेव्हापासून मी पर्समध्ये एक जुना स्टीलचा रुपया ठेवते, नव्वदच्या दशकात आला तो मोठा. तो बरोबर २५ मिलिमीटरचा आहे. टाइलच्या एका घरात ठेवला की चारी बाजूंनी केसाएवढी फट दिसली पाहिजे. रेषेवर चढला तर पान लहान छापलंय, सरळ परत द्यायचं. दहाचं नाणं चालत नाही, ते २७ चं आहे, रेषेवर चढणारच. पट्टी घेऊन दुकानात मोजत बसलं की मागची गिऱ्हाइकं वैतागतात, रुपया ठेवला न उचलला, कोणाला कळत पण नाही.

तर त्या चौदा पानांचा लगदा झाल्यावर मी ठरवलं की आपणच काढू. इंकस्केप नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, रेषांची चित्रं काढायला, आणि मला ऑफिसात तक्ते आखायची सवय आहेच. पान इंचात घ्यायचं, एक इंचाची जाळी लावायची, रेषा आपोआप जाळीला चिकटतील असं करायचं, बस. एक मूर्खपणा तिथेही केला. ६ इंचाचा चौकोन काढला आणि त्याला एक मिलिमीटर जाडीची काळी कड दिली. ती कड अर्धी आत असते, अर्धी बाहेर. म्हणजे चौकोन १५२.४ च्या जागी १५३.४. एका टाइलला कळत नाही, पाच ओळीने ठेवल्या की भिंत अर्धा सेंटिमीटर पुढे. नंतर कडच काढून टाकली, भिंत आतल्या बाजूला वेगळी काढली.

पण ६ इंच का, ते आधी सांगायला हवं. पहिल्यांदा मी ५ बाय ५ च्या टाइल्स काढल्या होत्या, कारण ए४ वर त्या दोन मावतात. ५ घरं म्हटली की मधलं घर एकच, तिसरं, म्हणून बोळ एक घर रुंद. मांडल्यावर दिसायला छान, खेळताना वैताग. चार जण मुंग्यांसारखे एकामागे एक, पुढे जाऊबाईंची तलवार, मागचे तिघं आपापल्या पाळीला "मी थांबतो" म्हणताहेत. अर्ध्या तासात भाची मोबाइल बघायला लागली. ६ बाय ६ घेतली की मध्ये दोन घरं येतात, तिसरं आणि चौथं, बोळ दोन घरांचा होतो, दोघं शेजारी लढू शकतात, तिसरा मागून बाण मारतो, आणि माणूस एका पाळीत बरोबर एक टाइल ओलांडतो. हिशेब तोंडी. अडचण एवढीच की ६ आणि ६ बारा, आणि ए४ ची लांबी पावणेबारा इंचाच्या पण आत. अगदी थोडक्यात हुकतं. म्हणून पानाला एकच टाइल, बाकी कागद वाया.

बोळांची तोंडं सगळ्या टाइलांना त्याच जागी ठेवायची, बाजूच्या मधोमध, म्हणजे कुठलीही टाइल कुठल्याही टाइलला, कशीही फिरवून, जुळते. मी वहीत सगळे प्रकार काढायला बसले, मला वाटलं पंधरा-वीस तरी होतील. फिरवून सारखे होतात ते वगळले तर पाचच उरले! एका बाजूला तोंड म्हणजे आंधळा बोळ, समोरासमोर दोन म्हणजे सरळ, शेजारशेजारच्या दोन म्हणजे वळण, तीन म्हणजे तिकाटणं, चार म्हणजे चौक. जगातलं कुठलंही चौकोनी तळघर ह्या पाचांत बसतं. ऑफिसात जेवायच्या सुट्टीत हे कळलं तेव्हा मी शेजारच्या मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या, "अच्छा, नाली का नक्शा है?" तसं बघितलं तर हो, तेच.

फिरवायचं म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, सावलीचा. पहिल्या सेटसारखं मी पण हौसेने भिंतींना सावली दिली होती, उजेड वरून डावीकडून. टाइल फिरवली की सावली पण फिरते. शेजारीशेजारी ठेवल्या की एका खोलीत सूर्य पूर्वेला, दुसरीत पश्चिमेला. सावल्या पुसल्या. मग फरशीवरच्या भेगा कमी केल्या, मशाली काढल्या, शेवटी पांढरी फरशी, फिक्या राखाडी रेषा, भिंतीबाहेर मध्यम राखाडी, एवढंच राहिलं. भाचा म्हणाला मावशी फारच सपाट झालं. मी म्हटलं गोष्ट मी सांगणार आहे का टाइल? आणि खेळताना खरंच फरक पडला, सजवलेल्या टाइलवर सोंगट्या दिसायच्या नाहीत, ह्याच्यावर सगळं स्वच्छ दिसतं, वर पेन्सिलीने काहीबाही लिहिता पण येतं. ते देखणे तयार सेट बघून अजून हात शिवशिवतो, नाही म्हणत नाही. पण ते बघायला चांगले, खेळायला हेच.

आता काढायचं काय. ग्वाल्हेरात राहून तळघर कल्पनेने काढायचं म्हणजे जरा अतिच झालं. लहानपणापासून किल्ल्यावर जातोय, पाहुणे आले की मान मंदिर दाखवतोय, बाहेरच्या त्या निळ्या-पिवळ्या चकाकत्या टाइल्स, बदकं, हत्ती, केळीची झाडं, सगळं पाठ. राजा मानसिंह तोमराने बांधलेला महाल, त्याचा काळ १४८६ ते १५१६, आणि जमिनीखाली दोन मजले. ते खालचे मजले मुळात उन्हाळ्यासाठी, झोपाळे बांधायची गोल खोली वगैरे, मोगलांनी त्याचा तुरुंग केला. औरंगजेबाने आपल्या सख्ख्या भावाला, मुरादला, ह्याच किल्ल्यावर कैदेत ठेवलं आणि १६६१ त इथेच मारवलं. दुसरी डंजन शोधायला कुठे जायचं होतं मला?

एका रविवारी भाचा, भाची आणि मी गेलो, गाडीने नाही, गुजरी महालाच्या बाजूने पायी चढून. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, ८७६ सालच्या शिलालेखातलं शून्य तिथलंच. भाच्याने मोबाइलवर वाचून दाखवलं की त्यात देवाच्या फुलबागेचं माप लिहिलंय, २७० हात बाय १८७ हात, ते शून्य ह्या २७० मधलं. लगेच म्हणाला मावशी, ही बाग काढ ना, ओरिजिनल माप आहे. मी तिथेच कठड्यावर बसून हिशेब केला. हात म्हणजे दीड फूट धरला तर ४०५ फूट, ५ फुटाचं एक घर, म्हणजे ८१ घरं. दुसरी बाजू ५६. टेबलावर पावणेसात फूट लांब आणि साडेचार फुटांहून रुंद, ६ इंची टाइल्स १४०. "तुझ्या बापाकडे माग पैसे," म्हटलं, आणि उठलो.

मान मंदिरात तळघरात उतरायचा जिना अरुंद, मोबाइलच्या टॉर्चवर उतरलो, वटवाघळांचा तो वास, जो नंतर दोन दिवस ओढणीला होता. मी वही काढून पावलांनी मोजायला लागले, आठ, नऊ, दहा, एवढ्यात एक सहल आली, चाळीस पोरं, गाईड ओरडून मुरादची गोष्ट सांगतोय, पोरं प्रतिध्वनीसाठी किंचाळताहेत, माझा आकडा गेला. परत मोजलं तर वेगळाच आला. शेवटी मी माप सोडलं आणि नुसतं बघितलं, की भिंती किती जाड आहेत, खांब कुठे आहेत, एका खोलीतून दुसरी दिसते का. भिंतीत नळ्या आहेत, हवेसाठी आणि वरच्या मजल्याशी बोलायला. ह्या नळ्यांचा मी गोष्टीत पुढे फार वापर केला, पोरांनी एका खोलीत जे ठरवलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याला आधीच कळलेलं असायचं, आणि बरेच दिवस त्यांना हे कसं होतंय तेच कळत नव्हतं.

घरी येऊन १८ टाइल्स काढल्या. १८ ला कारण आहे. ह्या वेळी दुकान दुसरं, जिथे डिजिटल प्रेसचं मशीन आहे, तिथे १३ बाय १९ इंचाची शीट चालते. त्यात ६ इंचाच्या सहा टाइल्स बरोबर बसतात, १२ बाय १८, चारी बाजूंना अर्धा इंच उरतो कापायच्या खुणांना. तीन शीट, १८ टाइल्स. टाइल्स एकमेकींना चिकटवून लावल्या, मध्ये फट नाही, म्हणजे एका कापात दोन्ही सुटतात. आणि भिंतीबाहेरचा राखाडी रंग सगळ्यांचा एकच ठेवला, त्यामुळे पातं अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे गेलं तरी शेजारणीचा रंग डोकावत नाही.

पहिली शीट मी फोनवरून नुसती फोटो म्हणून पाठवली होती. गेल्यावर बघते तर सगळ्या रेषा लोकरीसारख्या. फोटो म्हणून पाठवलं की फोन तो दाबून लहान करतो हे मला माहीत होतं, आईच्या साठीच्या बॅनरला हेच झालं होतं, तरी केलं. पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवली, मग नीट. छापताना मी मागे उभी, "भैया, हंड्रेड परसेंट पे रखना, फिट नहीं," तो म्हणाला, "मॅडम, हो जाएगा," मी म्हटलं हो जाएगा नको, दाखवा. दाखवलं. पहिलं पान बाहेर आलं, रुपया ठेवला, चारी बाजूंनी फट. तो रुपयाकडे बघतच राहिला, त्याला वाटलं काहीतरी शकुन असावा.

कागद ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगलं जाड, आर्ट कार्ड. लॅमिनेशन करायचं का, ग्लॉसी का मॅट, त्याने विचारलं. ग्लॉसी स्वस्त. मी नमुना मागून ट्यूबलाइटखाली धरला, अख्खी ट्यूबलाइट त्यात. मॅट घेतलं. त्याच्यावर पेन्सिल जरा अडखळते पण चालते, आणि चहाचा कप सांडला तर पुसता येतं, आमच्याकडे हे होणारच होतं आणि झालंही.

खरं रडगाणं पुढे, पुठ्ठ्यावर चिकटवणं. नुसतं कार्ड टेबलावर पंख्याने उडतं म्हणून मागे दीड मिलिमीटरचा कप्पा बोर्ड लावायचं ठरलं. घरी पांढरा गोंद होता, पाणी घालून पातळ केला, ब्रशने फासला, चिकटवलं, छान दिसलं. सकाळी उठून बघते तर सगळ्या टाइल्स वाटीसारख्या वळलेल्या. ओल्या गोंदाने कागद फुगतो, मोठा होतो, तसाच चिकटतो, आणि वाळताना आखडतो की पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एका बाजूनेच ओढ, मग वळणारच. शेजारच्या काकांनी आयुष्यभर बाइंडिंगचं काम केलंय, त्यांना दाखवलं. त्यांनी एक टाइल उचलली, वास घेतला, म्हणाले, "पाणी किती घातलंस गं?" मग सांगितलं की पाणी अजिबात नको, गोंद पुठ्ठ्याला लावायचा, कागदाला नाही, बोटाने नाही तर जुन्या कार्डाने ओढून एकदम पातळ, आणि मुख्य म्हणजे मागच्या बाजूला पण एक कागद चिकटवायचा, तेवढ्याच जाडीचा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ. मग वजनाखाली रात्रभर. वजन म्हणून सासूबाईंचा पाटा. त्यांनी विचारलं हे कशासाठी, मी म्हटलं तळघर सरळ करतेय, त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या गेल्या.

मागच्या कागदाला मी जुन्या कॅलेंडरची पानं वापरली, तीच जाडी नव्हती तरी काम झालं. आता प्रत्येक टाइलच्या मागे एकादशी, चतुर्थी वगैरे. त्याचा फायदा पण झाला, कुठली टाइल हरवली ते तारखेवरून कळतं. "एप्रिलचा तिसरा आठवडा सापडत नाहीये" असं आमच्याकडे आता बोललं जातं.

चिकटवून झाल्यावर कापायचं, आधी कापून मग चिकटवायचं नाही, हे मी उलटं केलं होतं, काठ कधीच जुळत नाहीत. स्टीलची पट्टी पाहिजे, प्लॅस्टिकची पट्टी पातं सोलून काढतं. एका दणक्यात कापायला गेलं की पातं तिरकं जातं आणि काठ उतरता होतो, मग दोन टाइल्स वरून जुळतात, खालून फट. चार-पाच हलके हात फिरवायचे, जोर नाही, आणि पात्याचं टोक दर तीन टाइलांनी मोडून नवं घ्यायचं. अंगठा मी आठव्या टाइलला कापला, कारण "एवढी होऊ दे मग बदलते" म्हटलं. बोथट पातंच घसरतं. रक्त टाइलच्या कोपऱ्यावर पडलं, मॅट लॅमिनेशनवरून पुसलं गेलं पण काठातून पुठ्ठ्यात थोडं मुरलं. तीच टाइल आता फाशीघर आहे, भाच्याच्या आग्रहावरून.

टेबलावर मांडल्यावर कोणाचा कोपर लागला की अख्खा बोळ सरकायचा. त्यावर उपाय आमच्या फ्रीजमध्येच होता, भाजीच्या कप्प्यात घालतात ती खडबडीत जाळीची चटई. ती खाली पसरली की टाइल हलत नाही. सगळं धरून खर्च बाराशेच्या आसपास, त्यात वाया गेलेली शाई आणि वाटीसारख्या टाइल्स धरलेल्या नाहीत, त्या मी धरतच नाही. ठेवायला गजकचा, म्हणजे तिळाच्या मिठाईचा, डबा बघितला होता, तीन घरचे डबे मोजले, सगळे ६ इंचाला थोडक्यात कमी. साडीचा खोका लागला.

राहिली होती ती गोल खोली, झोपाळ्यांची. तीच मला सगळ्यात पाहिजे होती आणि तीच चौकोनी घरांत बसेना. ६ घरांचं वर्तुळ एका टाइलमध्ये काढलं, तर ज्याचा मध्य वर्तुळात येतो ते घर उभं राहायचं असा नियम धरला, तर फक्त चार कोपरे गळतात. गोल वाटतच नाही, कोपरे चावलेली चौकोनी खोली वाटते. मोठी पाहिजे, १२ घरांची, म्हणजे चार टाइल्स. मी चारही वेगळ्या काढायला घेतल्या आणि दुसरी अर्धी झाल्यावर लक्षात आलं की हे चारही एकच आहेत. पाव वर्तुळ, २८ घरं, तेच चारदा छापायचं आणि फिरवायचं. सावल्या पुसल्या होत्या ते इथे पण उपयोगी पडलं. दारांचं मात्र घोडं अडलं, कारण गोल खोलीचं दार मधोमध पाहिजे आणि मधोमध तर दोन टाइलांचा जोड येतो, आमची तोंडं तिसऱ्या-चौथ्या घरात. दोन दिवस डोकं खाल्लं. मग किल्ल्यावरच्या त्या जाड भिंती आठवल्या. तिसऱ्या-चौथ्या घरापाशी वर्तुळ काठापासून अर्ध्या ते एक घर आत असतं, तेवढी जाड भिंत समजायची आणि तिच्यातून दार काढायचं. जरा बाजूला आहे, पण दार आहे.

मागच्या शनिवारी ते लोक तिथे पोचले. मी पहिला पाव ठेवला, कोणाला काही वाटलं नाही, वाकडी भिंत, एवढंच. दुसरा ठेवला, भाची जरा पुढे सरकली. तिसरा ठेवल्यावर सगळे गप्प झाले, कारण तीन चतुर्थांश गोल समोर दिसत होता आणि उरलेला कुठे येणार हे आता न सांगता कळत होतं. पाळी शेजारच्या नातीची होती. तिने सोंगटी उचलली, ठेवली, परत उचलली, म्हणाली, "काकू, तो चौथा ठेवू नका. आम्ही मागे जातो." जाऊबाई म्हणाल्या जायचं नाही, भाचा म्हणाला मत घ्या, तेवढ्यात साडेअकरा वाजले आणि काकांनी गच्चीवरून हाक मारली.

चौथा तुकडा माझ्या मांडीवर होता. त्याच्यावर काही नाहीये, रिकामी फरशी. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.